गिझर बदलावा केव्हा? घरातील एका मालमत्तेचा हिशोब

दोन पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातील अनेक घरांत आंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापत असे. मध्यभागी धुराडे, खाली निखारे आणि भोवती पाणी, अशी त्याची साधी रचना. बंबाला गळती लागली की तो कारागिराकडे जाई, डाग देऊन परत येई आणि पुढे वर्षानुवर्षे चाले. मोडीत काढला तरी तांब्याचे मोल हाती येई. त्यामुळे ‘बंब बदलावा केव्हा?’ हा प्रश्न सहसा पडत नसे. आज त्याची जागा भिंतीवर टांगलेल्या विजेच्या गिझरने घेतली आहे. या यंत्राचे आयुष्य मर्यादित आहे, त्याची फुटलेली टाकी डाग देऊन भरवशाने सांधता येत नाही आणि पाणी व वीज या एकमेकांचे वावडे असलेल्या दोन गोष्टी ते एकाच पेटीत सांभाळत असते.

व्यापारी कुटुंबात दुकानातील तराजू, संगणक, वाहन या सर्वांवर घसारा धरला जातो. न्हाणीघरातील गिझरचे वय मात्र घरात कोणालाच ठाऊक नसते. त्यातून दोन प्रकारचे नुकसान होते. काही घरांत ‘चालतो आहे तोवर चालू दे’ असे म्हणत जीर्ण गिझर वापरला जातो आणि ऐन थंडीत, घरात पाहुणे असताना, तो दगा देतो. काही घरांत याच्या उलट घडते. किरकोळ बिघाड झाला की ‘आता नवाच घ्या’ हा दुकानदाराचा सल्ला मानून चांगली टाकी भंगारात जाते. या दोन्ही टोकांपासून वाचण्यासाठी एकच भेद ध्यानात ठेवणे पुरेसे आहे : गिझरची टाकी हे भांडवल आहे आणि बाकीचे भाग हा चालू दुरुस्तीचा खर्च आहे.

पेटीच्या आत काय असते?

साठवणुकीच्या गिझरमध्ये आतील टाकी, तिच्याभोवती उष्णता राखणारे आवरण, पाणी तापवणारी कॉइल, तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट, तो निकामी झाल्यास वीज तोडणारा कटआउट आणि दाब वाढल्यास पाणी बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह एवढे मुख्य भाग असतात. काचेसारखा मुलामा दिलेल्या पोलादी टाकीत याशिवाय मॅग्नेशियमची एक कांडी असते. या कांडीचे काम मोठे विलक्षण आहे. पाण्यातील रासायनिक क्रियेने टाकीचे पोलाद गंजण्याऐवजी ही कांडी स्वतः झिजते. कांडी संपली की गंजाचा मोर्चा टाकीकडे वळतो.

कॉइल, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह, रबरी गॅस्केट आणि मॅग्नेशियमची कांडी हे सर्व बदलता येते. टाकी बदलता येत नाही. बदलायची म्हटली तर तो खर्च नव्या गिझरच्या जवळ जातो. अनेक कंपन्या टाकीला इतर भागांपेक्षा अधिक वर्षांची हमी देतात. यंत्राचे आयुष्य कशावर अवलंबून आहे, हे या हमीपत्रावरूनही उमगते.

या पट्ट्यातील पाणी

एकाच कंपनीचा, एकाच वर्षी घेतलेला गिझर एका घरात बारा वर्षे टिकतो आणि दुसऱ्या घरात पाच वर्षांत गळतो. याचे कारण बहुधा पाण्यात सापडते. उल्हासनगरला बारवी धरणाचे पाणी औद्योगिक विकास महामंडळामार्फत मिळते. अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा पुरवठा असून उल्हास नदीवरील बदलापूरचा बंधारा हा त्याचा प्रमुख आधार आहे. अंबरनाथला चिखलोली धरणाचाही हातभार लागतो. हे मुख्यतः पावसाचे साठलेले वा वाहते पाणी असल्याने त्यात क्षार तुलनेने कमी असतात. परंतु पाणीकपातीच्या दिवसांत अनेक सोसायट्या बोअर किंवा टँकरचा आधार घेतात. खडकातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरेच अधिक असू शकतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानला आहे. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सवलत आहे. सोसायटीने पाण्याचा नमुना एकदा प्रयोगशाळेत तपासून घेतला तर सर्व सभासदांना आपल्या गिझरचे भविष्य आधीच कळेल.

क्षारयुक्त पाणी तापले की कॉइलवर पांढरा थर बसतो. त्यामुळे विजेचे बिल फार वाढते, असा समज आहे. पण कॉइल पाण्यातच बुडालेली असल्याने तिची उष्णता अखेर पाण्यालाच मिळते. वीज फारशी वाया जात नाही. खरे नुकसान वेगळे आहे. थराखाली कोंडलेली कॉइल आतून अतिशय तापते आणि अकाली जळते. तळाशी साचलेला गाळ टाकीतील जागाही व्यापतो. साठ अंशांच्या वर क्षार झपाट्याने बसतात. त्यामुळे थर्मोस्टॅटचा काटा पंचाहत्तरवर न ठेवता साठच्या आसपास ठेवणे हा आयुष्य वाढवण्याचा विनाखर्चाचा उपाय आहे. बोअरचे पाणी येणाऱ्या घरांत दरवर्षी, इतरत्र दोन वर्षांतून एकदा, टाकी खोलून क्षार काढावेत आणि मॅग्नेशियमची कांडी तपासावी.

पाणीपुरवठा बंद असण्याचा दिवसही गिझरच्या दृष्टीने परीक्षेचा असतो. व्हॉल्व्ह नादुरुस्त असेल तर टाकीतील पाणी उलट दिशेने उतरून ती रिकामी होऊ शकते आणि कोरड्या टाकीत कॉइल काही क्षणांत जळते. म्हणून पुरवठा सुरू झाल्यावर गरम पाण्याचा नळ आधी उघडावा, त्यातून अखंड धार आली की मगच बटण दाबावे.

लक्षणे ओळखावीत कशी?

१. सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकणे : पाणी तापताना व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर घाबरू नये. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांपर्यंत तापले की सुमारे दोनशे मिलिलिटरने फुगते. तेवढ्या पाण्याला वाट हवी. काही घरांत हे थेंब ‘गळती’ समजून व्हॉल्व्हचे तोंड बुच मारून बंद केले जाते. हे अत्यंत धोक्याचे आहे, कारण थर्मोस्टॅट निकामी झाला तर वाढलेल्या दाबाला दुसरी वाट उरत नाही. गिझर बंद असतानाही सतत धार लागत असेल तर व्हॉल्व्ह बदलावा किंवा इमारतीतील पाण्याचा दाब तपासावा. गिझर बदलण्याची गरज नाही.

२. तळाच्या झाकणातून पाणी : येथे निदान महत्त्वाचे. झाकण उघडून पाहावे. पाणी कॉइलच्या पट्टीभोवतालच्या गॅस्केटमधून येत असेल तर तो किरकोळ खर्च आहे. गॅस्केट कोरडे आणि आवरण ओले असेल तर टाकीला छिद्र पडले आहे. मग दुरुस्तीचा विचार सोडावा.

३. तांबूस पाणी : आधी थंड पाण्याचा नळ पाहावा. दोन्ही नळांना तांबूस पाणी असेल तर दोष जलवाहिनीत किंवा गच्चीवरच्या टाकीत आहे. पुरवठा बंद राहून सुरू झाल्यावर असे होते. केवळ गरम पाणीच तांबूस असेल आणि कांडी बदलूनही तसेच राहिले, तर टाकी आतून गंजली आहे. बदलाची वेळ आली.

४. खदखद, टकटक असा आवाज : क्षार साचल्याचे चिन्ह. साफसफाई करून घ्यावी.

५. पाणी कोमट राहणे किंवा लवकर संपणे : बहुधा थर्मोस्टॅट, कॉइल किंवा गाळ. टाकी धड असेल तर दुरुस्ती योग्य.

६. स्विच पडणे : गिझर लावताच ईएलसीबी पडत असेल तर कॉइलमधून वीज झिरपत असण्याचा संभव मोठा. हे संरक्षक यंत्र ‘त्रास देते’ म्हणून काढून टाकणे म्हणजे पहारेकऱ्याने चोर दाखवला म्हणून पहारेकऱ्यालाच कामावरून कमी करणे. कॉइल बदलावी.

७. नळाला हात लावताच झिणझिण्या : गिझर तत्काळ बंद करावा आणि इलेक्ट्रिशियन येऊन तपासेपर्यंत वापरू नये.

गळतीला आणखी एक बाजू आहे. गिझरमागून झिरपणारे पाणी भिंतीत व स्लॅबमध्ये शिरते आणि आतील सळया गंजवते. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये दोन इमारतींत स्लॅब कोसळून जीवितहानी झाली. त्या आठवणीने तरी जुन्या इमारतींतील कुटुंबांनी न्हाणीघराच्या भिंतीवरील ओल ‘रंग लावून घेऊ’ म्हणत झाकू नये. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने ओल दाखवली तर तो तक्रार करीत नसून इशारा देत आहे, असे मानावे.

दुरुस्ती की नवा : वहीतील आकडेमोड

निर्णय आकड्यांनी करायचा असेल तर ‘वर्षाला किती पडते?’ हा प्रश्न विचारावा. समजा, नवा गिझर बसवणुकीसह १०,००० रुपयांना पडतो आणि तो दहा वर्षे चालेल असे धरले. म्हणजे वर्षाला १,००० रुपये. आता जुना गिझर सहा वर्षांचा आहे, टाकी निरोगी आहे आणि कॉइल, गॅस्केट व कांडी मिळून १,८०० रुपयांचा खर्च सांगितला आहे. दुरुस्तीनंतर तो निदान तीन वर्षे चालणार असेल तर वर्षाला ६०० रुपये पडतात. दुरुस्तीच फायद्याची. तोच खर्च अकरा वर्षांच्या, गरम पाण्यात तांबूस छटा दिसणाऱ्या गिझरवर करायचा असेल आणि एकच वर्ष चालण्याची आशा असेल, तर वर्षाला १,८०० रुपये पडतात. तेथे दुरुस्ती म्हणजे बुडीत खात्याला पुन्हा कर्ज देणे होय. बारा महिन्यांत दुसऱ्यांदा कारागीर बोलवावा लागला तर उरलेल्या आयुष्याचा अंदाज निम्म्यावर आणावा आणि मग भागाकार करावा.

‘नव्याने विजेची बचत होईल’ हा विक्रेत्याचा मुद्दाही तपासून घ्यावा. पंधरा लिटर पाणी पंचवीसवरून साठ अंशांवर नेण्यास सुमारे ०.६१ युनिट वीज लागते. दोन किलोवॅटची कॉइल हे काम अठरा-एकोणीस मिनिटांत करते. जुना असो वा नवा, एक तारा असो वा पाच, या आकड्यात फरक पडत नाही. तारांकित लेबलाचा संबंध तापलेले पाणी टाकीत राहिल्याने दिवसभरात किती उष्णता वाया जाते याच्याशी आहे. ज्या घरात गिझर चोवीस तास चालू असतो तेथे रोज अर्धा युनिट वाचला तरी महिन्याला पंधरा युनिट वाचतात. युनिटचा दर दहा रुपये धरला तर दीडशे रुपये. ज्या घरात सकाळी तासभर लावून बटण बंद केले जाते तेथे ही बचत नगण्य आहे. चांगला गिझर केवळ ताऱ्यांसाठी बदलू नये. जुना निकामी झाल्यावर घेताना मात्र तारे जरूर पाहावेत.

जेथे हिशोब करायचा नाही

काही बाबतींत रुपयांची आकडेमोड अप्रस्तुत ठरते. पहिली म्हणजे गॅस गिझर. सिलिंडरवर किंवा नळाच्या गॅसवर चालणारा गिझर बंद न्हाणीघरात बसवलेला असेल तर त्याचे वय कितीही कमी असो, तो तेथून हलवावाच. अपुऱ्या हवेत ज्योत जळली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने त्याला धरून ठेवते. माणसाला केवळ डोके जड झाल्यासारखे वाटते आणि दाराची कडी काढण्याआधीच शुद्ध हरपते. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवली येथे गॅस गिझर असलेल्या न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्या एका शाळकरी मुलीचा पुढे मृत्यू झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा आणि केवळ गरम पाण्याची नळी आत यावी. निळी ज्योत पिवळी पडू लागली किंवा काजळी दिसली तर वापर थांबवावा. सिलिंडरवरून नळाच्या गॅसवर जाताना जुना गिझर तसाच जोडू नये. दोन्ही वायूंसाठी जेट वेगळे लागते.

दुसरी बाब अर्थिंगची. दोन किलोवॅटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर वीज ओढतो, तीन किलोवॅटचा झटपट गिझर तेरा. जुन्या घरातील बारीक वायरवर, काळवंडलेल्या प्लगवर आणि नावापुरत्या अर्थिंगवर नवा गिझर लावणे म्हणजे कच्च्या तारणावर मोठे कर्ज देणे. गिझर बदलताना वायर, सोळा अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग तपासणे हा त्याच खर्चाचा भाग मानावा.

तिसरी बाब पुराची. २६ जुलै २००५ चा प्रलय आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तो दिवस या भागातील लोक विसरलेले नाहीत. उल्हास व वालधुनी नद्यांच्या काठच्या तळमजल्यांवर पाणी शिरले आणि गिझर किंवा त्याचा विजेचा बोर्ड भिजला, तर वरून कोरडा दिसला तरी तपासणीविना चालू करू नये. पाणी प्यालेले आवरण सहजासहजी वाळत नाही.

नवा घ्यायचा ठरला तर

प्रथम आकार. साठ अंशांचे पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांच्या पाण्यात मिसळले तर चाळीस अंशांचे सुमारे पस्तीस लिटर पाणी होते, म्हणजे साधारण दोन बादल्या. थंडीत बदलापूर-अंबरनाथचा पारा मुंबईपेक्षा बराच खाली उतरतो, तेव्हा हा आकडा आणखी घटतो. पूजा, शाळा आणि दुकान यांसाठी चार-पाच जणांना तासाभरात आवरायचे असेल तर पंचवीस लिटरचा गिझर सोयीचा. दोघांच्या घराला पंधरा पुरतो.

दुसरे, दाब. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब पडतो. सातमजली इमारतीत तळमजल्याला दोन-अडीच बारच मिळतो. परंतु बदलापूर-अंबरनाथच्या नव्या वीसमजली इमारतींत, दाब कमी करणारे व्हॉल्व्ह नसतील तर, खालच्या मजल्यांवर तो सहाच्या पुढे जाऊ शकतो. गिझरच्या पट्टीवर दाबाची मर्यादा लिहिलेली असते. उंच इमारतीत किंवा प्रेशर पंप असलेल्या घरात आठ बारचा घ्यावा. तिसरे, बोअरचे पाणी असेल तर मुलामा दिलेली टाकी आणि बदलता येणारी कांडी यांना प्राधान्य द्यावे. चौथे, आयएसआय चिन्ह गिझरवर पाहावेच, पण सुट्या कॉइल व थर्मोस्टॅटवरही पाहावे. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. त्याविना हमीपत्राला अर्थ नाही.

पाण्याविषयी दोन शब्द

अनेक जैन घरांत तपाच्या दिवसांत आणि चातुर्मासात उकळलेले पाणीच पितात. गिझरचे पाणी ‘गरम’ असते, ‘उकळलेले’ नसते. ते साठ-सत्तर अंशांपलीकडे जात नाही आणि टाकीतील गाळ व गंज यांच्या संगतीत राहिलेले असते. वेळ वाचवण्यासाठी ते पिण्यास किंवा स्वयंपाकास घेऊ नये. पिण्याचे पाणी गाळून, चुलीवर तीन उकाळे आणूनच घ्यावे. तसेच गरम धार येण्याआधी नळीतील जे थंड पाणी वाहून जाते ते बादलीत धरावे. गिझर नळापासून जितका जवळ बसवला जाईल तितके हे पाणी वाचते. अप्कायाची जयणा आणि खर्चाची काटकसर येथे एकाच बादलीत जमा होतात.

दिवाळीला वहीपूजन होते, जुनी खाती मिटतात आणि थंडीही उंबरठ्यावर येते. गिझरसाठी एक पान उघडण्यास याहून सोयीचा मुहूर्त नाही. त्या पानावर खरेदीची तारीख, अनुक्रमांक, पाण्याचा स्रोत, कांडी तपासल्याची तारीख आणि प्रत्येक दुरुस्तीचा खर्च एवढेच लिहावे. त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग व ईएलसीबी तपासून घ्यावे आणि गॅस गिझर असेल तर तो कोठे बसवला आहे हे घरातील कर्त्या माणसाने स्वतः जाऊन पाहावे. पुढच्या वेळी कारागीर ‘नवाच घ्या’ म्हणाला, तर उत्तर शोधण्यासाठी हे पान उघडता येईल.